डिचोलीस गेले आणि कामाला लागले

आमचा संसार डिचोलीला गेला तो खनिजाच्या ट्रकातून. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. माझे यजमान डिचोलीच्या एका मालकाच्या ट्रकावर ड्रायव्हर होते. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून इथेही 'हे' असंच लिहीन. रविवारी खाणीवर सुट्टी असायची, तेव्हा मालकाने एक दिवस ट्रक घरी न्यायला दिला. दोडामार्गच्या पुढे आमच्या गावाकडे वळणारा रस्ता तेव्हा कच्चा आणि अरुंद होता. एवढी मोठी गाडी देवळाच्या पुढे येईना. मग घरापासून देवळापर्यंत सगळं सामान डोक्यावरून आणलं. ट्रंक, दोन टोप, पाटा-वरवंटा, तांदळाची गोण आणि सासूबाईंनी बांधून दिलेली कुळथाची पुरचुंडी.

सासूबाईंना सगळे 'आये' म्हणायचे आणि सासऱ्यांना 'आबा'. आबा देवळापर्यंत आले. ट्रकाच्या चाकाला हात लावून बघितलं आणि म्हणाले, "चार वर्सां रवा, दोन पैसे गाठीक बांधा आनी परत येवा. घर खंय पळान जाता?"

आयेचं म्हणणं वेगळं होतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "थंय पोदेराचो पाव खावन दिस काढू नको गो. सकाळी पेज कर. पेज पोटात आसली काय माणूस कामाक उभा रवता."

मी हो म्हटलं. केबिनमध्ये चढताना मला रडू आलं नाही, हे मला अजून आठवतं. उलट मला आनंद झाला होता. त्या घरात मी जेमतेम आठ-नऊ महिने राहिले होते आणि त्यातला निम्मा वेळ पदर सांभाळण्यात गेला होता. घर सोडून चाललोय असं वाटायला आधी ते आपलं व्हावं लागतं. माझं ते झालंच नव्हतं. माहेर सुटलं होतं आणि सासर लागलं नव्हतं, अशा मधल्याच जागी मी ट्रकात बसले. डिचोलीला पोचून सामान उतरवलं तर तांदळाची पांढरी गोण लाल झालेली. ट्रकाच्या हौद्यात खनिजाची धूळ होती, ती सगळ्याला बसली. हे हसले आणि म्हणाले, "आता ह्याच रंगात रवाचा."

आमच्या भाटकाराने, म्हणजे घरमालकाने, घरामागे चिऱ्यांच्या चार खोल्या ओळीने बांधल्या होत्या. त्यातली शेवटची आमची. खोलीला एकच खिडकी, तीही रस्त्याकडे. भाटकारीण रोज ओरडायची, "गे, जनेल धांप, जनेल!" जनेल म्हणजे खिडकी, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोपर्यंत मी दार लावत होते. मग हळूहळू बादलीला बालदी, खुर्चीला कदेल, टॉवेलला तवालो असे शब्द तोंडात बसले. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत यायचा. आयेला दिलेला शब्द मी पहिला महिनाभर पाळला. मग कामाला लागले आणि पेज करायला वेळ उरला नाही. गरम उंडा, तो गोल पाव, चहात बुडवून उभ्याउभ्या खायचा आणि निघायचं.

कामाला मला शेवंताने लावलं. ती शेजारच्या खोलीत राहायची, मूळची साखळीकडची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून एकटी राहायची आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर जोरात हसायची. ट्रकांतून रस्त्यावर सांडलेली खनिजाची माती झाडून गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. एका कंत्राटदाराने आठ-दहा बायका ठेवल्या होत्या. ह्यांचा पगार बरा होता, पण गावी पैसे पाठवावे लागायचे, आणि दिवसभर खोलीत बसून मला वेड लागायची पाळी आली होती. मी शेवंताबरोबर गेले.

तोंडाला फडकं, डोक्याला फडकं, हातात लांब दांड्याचा झाडू. रस्त्याच्या कडेने बायकांची रांग आणि मधून ट्रकांची रांग. एक ट्रक गेला की पुढची मिनिटभर काही दिसायचं नाही. आम्ही जिथून झाडत यायचो तिथे मागून पुन्हा माती पडायची. ते काम कधी संपणारं नव्हतं आणि संपवायचंही नव्हतं. संध्याकाळी न्हाणीत डोक्यावर पाणी घेतलं की पायाशी लाल ओहोळ.

त्या रांगेतला एक ट्रक आमच्या ह्यांचा असायचा. बाकीचे ड्रायव्हर खेपा वाढवायच्या म्हणून गाडी दामटायचे. हे मी दिसले की गाडी हळू करायचे. थांबायचे नाहीत, हात करायचे नाहीत, बघायचेसुद्धा नाहीत. फक्त धूळ उडणार नाही इतकी हळू करून पुढे जायचे. मागचे ड्रायव्हर भोंगे वाजवायचे. शेवंता लांबूनच ओळखायची आणि ओरडायची, "गे, तुजो घोव आयलो!" सगळ्या बायकांना तेवढीच एक खेप तोंडावरचं फडकं काढायला मिळायची.

माणूस प्रेम करतो म्हणजे काय करतो, असं मला कोणी विचारलं तर मी हे सांगेन.

दीक्षा पोटात होती तेव्हा झाडणं सोडलं. ती चालायला लागल्यावर काजूच्या कारखान्यात गेले. भाजलेल्या बिया फोडायच्या. बियांच्या सालीतून जे काळं तेल निघतं ते हाताला लागलं की कातडी जळते. आम्ही बोटांना राख आणि खोबरेल चोळायचो, तरी बोटं काळी पडली आणि खरखरीत झाली. दीक्षाच्या गालाला मी उलट्या हाताने स्पर्श करायची, पंज्याच्या मागच्या बाजूने. तिला तीच सवय लागली. आजही ती मला भेटली की माझा हात धरून उलटा करते आणि गालाला लावते. मोठी झाली, लग्न झालं, फोंड्याला एका ऑफिसात काम करते, तरीही.

नंतर मी बरंच काय काय केलं. एका लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासली. साखळीला एका आजीला न्हाऊ घालायला, जेवू घालायला दोन वर्षं जात होते. आजी गेल्यावर तिच्या मुलाने मला तिचं एक लुगडं दिलं, ते मी नेसले नाही पण ठेवलंय. मग बचत गटातल्या बायकांबरोबर शाळेतल्या मुलांसाठी भाजी करायचं काम मिळालं. शाळेला पाव बेकरीतून यायचा आणि भाजी आम्ही द्यायचो. वाटाण्याची, मुगाची, कधी बटाट्याची. सगळ्या कामांत मला ते काम फार आवडलं. मुलं मला 'भाजीमावशी' म्हणायची. बाजारात आईबापांबरोबर दिसली की लांबून हाक मारायची. झाडूवाल्या बाईला रस्त्यात कोणी हाक मारत नाही. पुढे ते काम दुसऱ्या गटाकडे गेलं आणि आम्ही सगळ्या पुन्हा काम शोधायला लागलो.

आबा मधल्या काळात वारले. चार वर्षं केव्हाच उलटून गेली होती. दरवर्षी चतुर्थीला गावी जायचो, गणपतीवर फळांची माटोळी बांधायची, पाच दिवस राहायचं आणि परत यायचं. माझ्या दिराचं, बाबलोचं, लग्न झालं. त्याची बायको मालन. ती घरात आली आणि घर तिचं झालं. हे मी रागाने लिहीत नाही. ती तिथे होती, मी नव्हते. आयेचं दुखणंखुपणं, गुरं, काजूची बाग, सगळं तिने बघितलं. आम्ही गेलो की ती नवी चटई काढायची आणि म्हणायची, "वयनी, तुमी बसा." मी बसायची.

मग खाणी बंद झाल्या.

डिचोलीत तेव्हा कोणी राहत असेल त्याला मी काय सांगू, आणि जो नव्हता त्याला कसं सांगू? बंदीचा हुकूम आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, महिन्याभरात सुरू होतील. रस्ता शांत झाला. भाटकारणीने जनेल उघडं ठेवायला परवानगी दिली. झाडांची पानं बऱ्याच वर्षांनी हिरवी दिसली आणि ती बघून कोणालाच बरं वाटलं नाही. मैदानात ट्रक ओळीने उभे राहिले. हे सुरुवातीला रोज तिथे जायचे. मालकाने बोलावलं नव्हतं, तरी जायचे. काच पुसायचे, इंजिन चालू करून थोडा वेळ ठेवायचे. एक दिवस मालकाने चावी मागून घेतली. डिझेल फुकट जातं म्हणाला. त्यानंतर हे घरात बसले. ट्रकांवर वेली चढल्या.

दीक्षा तेव्हा कॉलेजात होती. शेवंताने बातमी आणली की पेडण्याच्या किनाऱ्यावर, मांद्र्याकडे, एका हॉटेलला बायका हव्या आहेत. खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायच्या. हॉटेलची गाडी म्हापशाहून न्यायला येणार.

मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. हात थांबला.

"लोकांचे संडास धुवूक जातलंस?"

"मगे काय करू? दोगांनी घरात बसान पोट भरतला?"

"रस्तो झाडलंस, काजू फोडलंस, मी काय बोललंय? पण ह्या नको. उद्या गावात कळला तर?"

"गावात कळान काय व्हतला? गाव आमका जेवण पाठयता?"

ते ताटावरून उठले. मी दुसऱ्या दिवशी म्हापशाची बस पकडली. आठवडाभर आमचं बोलणं नव्हतं. मग हे म्हणाले की बाबलो बागेत एकटा पडतो, मदत लागेल, मी काही दिवस गावी जातो. ते भांडून गेले असं नाही. पिशवी भरली, दीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. शनिवारी यायचे, नारळ, तांदूळ, कुळीथ घेऊन. रविवारी संध्याकाळी परत जायचे. एक घर दोन ठिकाणी राहायला लागलं. मला लोक विचारायचे, "तुमचे यजमान कुठे असतात?" मी सांगायची, घरी. आणि मनात यायचं, मग मी कुठे असते?

हॉटेलातलं काम कठीण नव्हतं, पण त्यात घाई फार. पाहुणे अकराला खोली सोडणार, दुसरे दोनला येणार. मधल्या वेळात सगळं नवं दिसलं पाहिजे. मी चादर ताणून बसवायला शिकले, तवालो दुमडून त्याचा हंस करायला शिकले. रशियन पाहुण्यांची मुलं तो हंस मोडायला तयार नसायची, ओल्या अंगाने तशीच फिरायची. दीक्षाच्या वाढदिवसाला मी घरी ह्यांच्या जुन्या पंच्याचा हंस करून तिच्या उशाशी ठेवला. ती पोट धरून हसली. मोबाईल मात्र आमच्याकडून सकाळीच काढून घ्यायचे आणि कपाटात ठेवायचे. ड्युटी संपल्यावर परत.

त्या दिवशी माझ्याकडे वरच्या मजल्याच्या खोल्या होत्या. दुपारी सुपरवायझर मॅडम येऊन दारात उभी राहिली. बेळगावकडची पोर होती, दीक्षापेक्षा थोडी मोठी. ती नुसतीच बघत होती. मी विचारलं, "काय झालं मॅडम?" ती म्हणाली, "काही नाही मावशी. एवढ्या दोन खोल्या कर, मग खाली जा." तिने स्वतः उशांचे अभ्रे घालायला घेतले. सुपरवायझर कधी अभ्र्याला हात लावत नाही. मला नवल वाटलं, पण विचारायला वेळ नव्हता. दोन्ही खोल्या झाल्या तेव्हा ती म्हणाली, "गेटवर तुमचा नवरा आलाय."

मागच्या गेटजवळ धुण्याच्या चादरींची बोचकी पडलेली असतात. त्यांच्या शेजारी हे बसले होते, बाबलोची मोटरसायकल भिंतीला लावून. गार्डने आत सोडलं नव्हतं. किती वेळ बसले होते कोण जाणे. शर्ट घामाने चिकटला होता. मला निळ्या युनिफॉर्ममध्ये, हातात रबरी मोजे, असं त्यांनी पहिल्यांदा बघितलं. ते उठले आणि म्हणाले, "आये गेली."

मला आधी मॅडमचा राग आला. तिला ठाऊक होतं आणि तिने मला खोल्या करायला लावल्या. मागे वळून बघितलं तर ती जिन्याखाली उभी राहून रडत होती. तिच्यावर कोणीतरी होतं, त्याच्यावर आणखी कोणीतरी. पाहुणे येणार होते. माझा राग कुठे ठेवावा हे मला कळेना. तो अजून तसाच कुठेतरी असेल.

मी मोटरसायकलवर मागे बसले. म्हापसा मागे पडला. मग अस्नोड्याच्या आसपास हे, मान न वळवता, म्हणाले, "पाठ दुखता काय गो तुजी?"

"कित्याक?"

"तू वाकान चलत होतंस."

मला तेव्हा रडू फुटलं. आयेसाठी की त्या प्रश्नासाठी, मला सांगता येणार नाही. हे गाडी हळू चालवत राहिले.

घरी पोचलो तर अंगणात गाव जमलेला. सकाळपासून थांबलेले. भावकीतले म्हातारे घाई करत होते, दिवस कलायच्या आत न्यायला हवं म्हणत होते. मालन दारात आडवी उभी होती. नंतर मला बाबलोने सांगितलं, ती सगळ्यांना एकच उत्तर देत होती, "वयनी येय सर कोणी हात लावूचो नाय. थोरली सून ती. तिका आयेचा तोंड बघूचा आसा." मी आले तशी ती बाजूला झाली आणि मला वाट दिली. आयेचा चेहरा शांत होता. मी तिच्या पायांना हात लावला तेव्हा लक्षात आलं की एक रबरी मोजा अजून माझ्या कमरेला खोचलेला आहे.

त्या दिवसानंतर ह्यांनी 'संडास' हा शब्द माझ्या कामाबद्दल पुन्हा काढला नाही. तेरावं झाल्यावर ते माझ्याबरोबर डिचोलीला आले आणि परत गेले नाहीत. कधी बांधकामावर गेले, कधी कोणाचा टेम्पो चालवला. मग मोप्याला विमानतळ झाला. आमच्या हॉटेलातल्या चार-पाच जणी तिथे सफाईच्या कंत्राटात गेल्या, मीही गेले, शेवंताही आली. कंत्राटदाराला डिचोलीकडच्या बायकांची ने-आण करायला व्हॅनवर ड्रायव्हर हवा होता. मी ह्यांचं नाव सांगितलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. एवढा मोठा ट्रक हाकलेला माणूस, बायकांची व्हॅन चालवणार? त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि गेले.

दोनेक वर्षं आम्ही एकाच गाडीतून कामाला गेलो. हे पुढे, मी मागे शेवंताशेजारी. ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "ड्रायव्हर, मात्सो ल्हव चलय रे, तुजी बायल हांगा आसा!" ल्हव म्हणजे हळू. सगळ्या हसायच्या. हे आरशात बघायचे नाहीत, पण कान लाल व्हायचे.

विमानतळावर माझी ड्युटी बहुतेक वेळ बाहेरच्या बाजूच्या स्वच्छतागृहात असायची, जिथे पोचवायला आलेली माणसं येतात. जाणारा आत गेला की पोचवणाऱ्या बायका तिथे यायच्या. नळ सोडायच्या आणि तोंडावर पाणी मारत राहायच्या. मी मॉप घेऊन उभी. सुरुवातीला मी बाहेर जायची. मग कागदाचा रुमाल पुढे करायला लागले. एकदा पेडण्याची एक बाई आली. मुलगा लंडनला निघाला होता. तिने रुमाल घेतला तो माझ्या हातासकट. सोडेचना.

मी विचारलं, "थंय काम खंयचें मेळ्ळां ताका?"

ती म्हणाली, "तें ताणें म्हाका सांगूंक ना."

मी तिचा हात तसाच धरून ठेवला. मला कळलं. कुठलं काम मिळालंय ते मुलाने आईला सांगितलं नाही, म्हणजे आमचंच काम असणार. कुठल्यातरी हॉटेलात चादरी, कुठल्यातरी ऑफिसात फरशी. बाहेर गेलेल्या आमच्या मुलांनो, मुलींनो, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर एक सांगते. आईला सांगून टाका. तिला लाज वाटेल ती चार दिवस. न सांगितल्याने ती रोज काहीतरी वेगळं मनात आणते, आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. आणि तिने स्वतः काय काय केलंय ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे?

ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, साखरही वाढली. व्हॅन सोडावी लागली. माझे गुडघे गेले. तेवढ्यात भाटकार वारले आणि त्यांच्या मुलांनी मागच्या खोल्या पाडून काहीतरी बांधायचं ठरवलं. आम्हाला मुदत दिली, वाईट वागले नाहीत. दीक्षा म्हणाली, फोंड्याला माझ्याकडे या. जावईही म्हणाले, मनापासून. हे म्हणाले, गावी जाऊया. मी दोन्हीकडे मान डोलावत होते आणि मला कुठेच जायचं नव्हतं. त्या खोलीत दीक्षा मोठी झाली. भिंतीच्या चिऱ्यांत अजून लाल धूळ होती, बोट फिरवलं की निघायची. पण भाड्याच्या खोलीला आपलं म्हणून चालत नाही. शेवंता साखळीला भावाकडे गेली. निघताना आम्ही दोघी गळ्यात पडलो नाही. तिने मला चिमटा काढला, जोरात, आणि बसमध्ये चढली.

आम्ही गावी आलो. आता रस्ता डांबरी आहे, टेम्पो थेट अंगणात गेला.

मालनने नवी चटई काढली. "वयनी, बसा."

पहिले काही दिवस बरं वाटलं. मग माझा जीव घुसमटायला लागला. केर काढायला गेले तर ती हातातला झाडू घ्यायची. "तुमी खूप केलात. आता बसा." भांड्यांकडे गेले तर म्हणायची, "ठेवा ती, मी आसय न्हय?" ती वाईट बुद्धीने म्हणत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मला आराम द्यावा. कदाचित तिला हेही वाटत असेल की ही शहरातून आलेली, हिच्या हातात घर गेलं तर आपलं काय. तीस वर्षं तिने हे घर सांभाळलं होतं. मी तिच्या जागी असते तर मीही चटईच घातली असती. पण मी चटईवर बसून राहिले की मला वाटायचं, मी इथे पाहुणी म्हणून आलेय आणि माझी निघायची वेळ कोणी सांगत नाहीये. मी ह्यांना म्हटलंही, "फोंड्याक जावया काय?" हे उठून बागेकडे गेले.

गेल्या चतुर्थीच्या आधीची गोष्ट. घरात माणसं भरलेली. मालनचा मुलगा मुंबईहून मित्रांना घेऊन आला होता, तिची बहीण आली होती. चुलीवर आमटी, गॅसवर दूध, दारात माटोळीचं सामान घेऊन आलेला माणूस. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. दूध उतू गेलं. मालनने माझ्याकडे बघितलं आणि ओरडली,

"वयनी, बघत काय रवल्यात! ती टोपां घासा आदी! माका दोनच हात आसत!"

सगळं घर थबकलं. तिची बहीण तिच्याकडे बघायला लागली. मालनलाही कळलं असावं, पण तिला थांबायला सवड नव्हती, ती दुधाकडे वळली. मी टोप उचलले आणि पाठच्या दारी गेले. आयुष्यभर मी भांडी घासली, पण इतक्या उत्साहाने कधी घासली नसतील. त्या दिवसापासून चटई निघाली नाही. सकाळचा केर माझा झाला, संध्याकाळची भांडी माझी. मालन मला रागावते. नारळ जाड किसला, पाणी जास्त ओतलं, कोंबडीला आत येऊ दिलं. मीही तिला सोडत नाही.

मागच्या आठवड्यात गुडघे फार दुखत होते. जेवणं झाली, भांडी पडली होती. मालन बाहेर सुपारी सोलत बसली होती. मी आतूनच म्हटलं, "आज माका जमाचा नाय गो. ढोपरां दुखतत. तू घास."

बोलून गेल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं. रस्त्यावर, कारखान्यात, हॉटेलात, विमानतळावर, एवढ्या वर्षांत हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं. उच्चारलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई उभी राहिली असती. ताप असताना गेले, दीक्षाला गोवर आला तेव्हा गेले. माणूस काम नाकारू शकतो आणि तरी संध्याकाळी त्याच चुलीवरचा चहा त्याला मिळतो, अशी जागा मला आजवर ठाऊक नव्हती.

मालन आत आली. भांड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बरां! म्हणजे माजी ढोपरां काय लाकडाची आसत?" असं म्हणत तिने पदर खोचला आणि आदळआपट करत भांडी घासायला बसली.

थोड्या वेळाने दीक्षाचा फोन आला. तिने नेहमीचं विचारलं, "आई, करमतं का गं तिथे?"

मी म्हटलं, "आज भांडी मालनने घासली."

"म्हणजे?" ती म्हणाली. "भांडण झालं का तुमचं?"

"थोडंसं," मी म्हटलं, आणि पाय पसरून भिंतीला टेकले.